शाळेची शाकारणी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर कीर्तनकार येतात, प्राध्यापक येतात. यंदा सचिवांनी मला पकडलं. मी डिप्लोमा झालेला सिव्हिलचा माणूस. सरकारी नोकरीत वीसेक वर्षं झाली, त्यातली बरीचशी याच तालुक्यात सरकारी इमारती बांधण्यात, मोजण्यात आणि त्यांच्या गळतीच्या तक्रारी ऐकण्यात गेली. ‘जुनी शाळा, आपल्या गावाची खूण’ असा विषय त्यांनी दिला. खात्याच्या वतीने मी बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कचेरीत चहाऐवजी नोटीस यायची.

एका शाळेबद्दल बोलायचं आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक आहे, काही जण त्यात शिकलेले आहेत. गावाचं नाव मात्र घेणार नाही. माझ्यासारख्याने नाव घेतलं की त्याचा जाहीर शेरा होतो, आणि निर्णय अजून व्हायचा आहे. एवढंच सांगतो की गाव जोयड्यापासून आत, जंगलाच्या कडेला आहे. एक मोठी खोली, पुढे ओसरी, जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. पटावर मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इमारत मोडकळीला आली, ती पाडून स्लॅबची नवी खोली द्यावी, असं गावाचं मागणं आहे. ग्रामसभेत विषय येईल तेव्हा येईल. त्याआधी ही इमारत काय चीज आहे, एवढं आपल्याला माहीत असावं.

आपली घरं या भागात कशी आली, हे ज्येष्ठांना सांगायला नको. कुणाचे आजोबा कॅसलरॉकला रेल्वेत, कुणाचे लाकडाच्या डेपोवर, कुणाचे वडील दांडेलीच्या कागद गिरणीत, तर कुणी गणेशगुडीला धरणाच्या कामावर. पण त्याच्याही आधी हा मुलूख कागदोपत्री मुंबईशी जोडला गेला होता. 1862 मध्ये कॅनरा जिल्ह्याचा उत्तर भाग मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि 1956 च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना होईपर्यंत तिथेच राहिला. म्हणजे चौऱ्याण्णव वर्षं. आपल्या शाळा कन्नड असोत की मराठी, त्या याच काळातल्या व्यवस्थेत वाढल्या.

त्या व्यवस्थेत पैसा कुठून यायचा, हे ऐकण्यासारखं आहे. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वेगळा घेतला जाई आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. म्हणजे भाताच्या खाचरात राबणारा जो कुळवाडी सोळा आणे सारा भरत होता, तो वर सतरावा आणा देत होता आणि त्यातून शाळा चालत होती. त्याची स्वतःची मुलं त्या शाळेत किती गेली, हा भाग वेगळा. पुढे 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डं आली, 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा बोर्डांच्या स्वाधीन झाल्या. म्हणून आपली म्हातारी माणसं अजून ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. ती सरकारने दिलेली भेट नव्हती. सतराव्या आण्याची होती.

आणि इमारत ही त्यातली शेवटची पायरी. आधी शाळा भरायची देवळात, नाहीतर पाटलाच्या ओसरीवर. महर्षी कर्व्यांचं उदाहरण घ्या. महिला विद्यापीठ उभं करून झालं, वय अठ्ठ्याहत्तर, आणि 1936 मध्ये त्यांनी काय काढलं तर महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. ज्या खेड्यांत बोर्डाची शाळा पोचली नव्हती तिथे शाळा काढायची. आधी मास्तर आणि मुलं, छप्पर मिळेल ते. त्या काळी एखाद्या गावाने स्वतःची शाळेची इमारत उभी केली म्हणजे त्या गावाच्या दृष्टीने केवढी मजल होती, हे लक्षात घ्या. देऊळ आणि पाटलाचं घर सोडलं तर गावातली पहिली पक्की इमारत बहुधा शाळाच असायची.

आता माझ्या विषयाकडे येतो, भिंतीकडे.

जांभा. आपण त्याला चिरा म्हणतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन नावाचा डॉक्टर 1800-01 मध्ये म्हैसूर, कॅनरा, मलबार फिरला आणि त्याने 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. नाव बरोबर दिलं, कारण हा दगड जमिनीत असतो तेव्हा कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि उघड्या हवेत ठेवला की घट्ट होत जातो. खाणीतून काढला, पावसाळाभर उघड्यावर टाकला, मग भिंतीत लावला, ही जुन्या गवंड्यांची रीत. त्याच्या अंगात भोकं असतात, म्हणून तो पाणी पितो. पण पितो तसा बाहेरही टाकतो. चिऱ्याच्या भिंतीचा सगळा कारभार या पिण्या-टाकण्यावर आहे.

दोन चिऱ्यांमध्ये जी दरज, ती चुन्याची. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत दगड होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत घेत महिनोन्‌महिने, जाड भिंतीत तर वर्षानुवर्षं तो घट्ट होत राहतो. तो चिऱ्यापेक्षा थोडा मऊ राहतो, आणि हाच त्याचा गुण. जोतं जरा खचलं, भिंत हलली, तर तडा दरजेत जातो, चिरा फुटत नाही. भिंतीत शिरलेलं पाणी दरजेतून बाहेर पडतं. खराब झाली तर दरज खरवडून पुन्हा भरायची, चिरा तोच.

वर छप्पर. 1865 मध्ये बासल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काही दशकांत समुद्राने आणि रेल्वेने ती कौलं सगळीकडे गेली. आपल्या शाळेचं एखादं कौल उलटं करून बघा, पोटाशी कारखान्याचं नाव उठवलेलं सापडेल. मी मापं घ्यायला गेलो की आधी तेच बघतो. साहेब लोकांना वाटतं मी गळती शोधतोय. शंभर चौरस फुटाला सुमारे दीडशे कौलं लागतात. आपल्या शाळेचं छप्पर दोन्ही पाखी आणि ओसरी धरून हजारेक चौरस फूट भरेल, म्हणजे दीड हजार कौलं. ती कुठेही खिळलेली नाहीत. खालच्या रिपेवर नाकाने अडकलेली आणि शेजारणीच्या अंगावर रेललेली. म्हणून एक फुटलं तर एकच बदलायचं, गवंडीही लागत नाही.

आणि इथे आपला जुना शब्द येतो: शाकारणी. पुढच्या पिढीसाठी सांगतो. मृगाच्या आधी, म्हणजे जून लागायच्या आत, छपरावर चढायचं, कौलं परतायची, वानरांनी फोडलेली काढून नवी बसवायची, मधल्या पन्हळीतला पाला काढायचा, रीप कुजली असेल तर बदलायची. गवताच्या छपराच्या काळात शाकारणी म्हणजे नवं गवत घालणं. कौलं आली तरी शब्द राहिला, कारण काम राहिलं. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. पण दरवर्षीचं. हा तालुका कॅसलरॉक असलेला तालुका आहे. राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. इथे एक वर्ष शाकारणी चुकली तर कोपऱ्यात ओल येते. दोन वर्षं चुकली तर वासा नरमतो. तिसऱ्या वर्षी वाळवी, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी ‘इमारत मोडकळीला आली’ असा अर्ज माझ्या टेबलावर येतो.

मी पाहिलेल्या जुन्या शाळांपैकी फार थोड्या वयाने मेल्या. बऱ्याचशा दुरुस्तीने मेल्या. हे वाक्य चेष्टेचं नाही.

एका गावात, ते हे गाव नव्हे, शाळेच्या भिंतीला खालून ओल दिसत होती. गावाने वर्गणी काढली, प्रेमाने काढली, आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला. वर चकचकीत ऑईल पेंट. पहिलं वर्ष सुरेख. पण भिंत जमिनीतून पाणी ओढत होतीच, आता ते बाहेर पडायची वाट बंद झाली. पाणी वर चढलं, क्षार घेऊन चढलं, आणि गिलाव्याच्या मागे चिऱ्याची माती होत गेली. मी हाताने गिलावा ठोकला तर ढोलासारखा आवाज आला. काढल्यावर मागून लाल भुकटी सांडली. ज्या भिंतीने इतकी वर्षं पाऊस अंगावर घेतला होता, ती पाच-सहा पावसाळ्यांत गेली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. चिऱ्याला कातडी हवी असते, रेनकोट नको, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आता स्लॅबचं. स्लॅब वाईट असं मी म्हणणार नाही, माझं पोट त्यावर चाललंय. पण आपल्या तालुक्यात फिरताना तुम्हीही पाहिलं असेल: स्लॅबची शाळा, आणि त्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचं छप्पर. म्हणजे छपराला छप्पर! एवढ्या पावसात सपाट स्लॅबवर पाणी साचतं, बारीक भेगेतून आतल्या सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सोडते. मग पत्रा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मास्तरांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नाही. उतरत्या कौलारू छपराखाली हा प्रश्न नव्हता.

पण मग गावाला स्लॅब का हवा? तिथल्या बायकांचं म्हणणं ऐका, मी ऐकलं आहे. त्या म्हणतात, कौलांतून साप पडतो. वीज नीट नाही, संडास नाही, फरशी उखडली आहे. शेजारच्या गावाला नवी खोली मिळाली, आमच्याच पोरांनी जुन्यात का बसायचं? यातलं एकही वाक्य खोटं नाही. आपण इथे बसून ‘अहाहा, जुनी शाळा’ म्हणतो, पण प्रामाणिकपणे सांगा, आपल्यापैकी कुणाचा नातू त्या शाळेत आहे? आपली मुलं बेळगावात, पुण्यात, इंग्रजी माध्यमात. जी पाच-सहा मुलं तिथे आहेत ती कुणब्यांची आहेत, पावसात शेताच्या बांधावरून चालत येतात. त्यांच्या अंगावर पाणी ठेवून आपल्या आठवणी कोरड्या ठेवायच्या, असं जपणं मला मान्य नाही. जपायची असेल तर आधी तिथे वीज, संडास आणि गळकं नसलेलं छप्पर पाहिजे, आणि ते जुन्या इमारतीत करता येतं. कौलांखाली फळ्यांचा माळा मारला की साप-विंचवाचा प्रश्न सुटतो. संडास मागे वेगळा बांधता येतो. फरशी तर दोन दिवसांचं काम.

दुसरी शंका निघते, शंभर वर्षं झाली म्हणजे पुरातत्त्व खातं घेईल ना? नाही. शंभर वर्षं झाली म्हणून कुठलीही इमारत आपोआप संरक्षित होत नाही. तशी अधिसूचना निघावी लागते, आणि गावच्या शाळेसाठी ती कोण काढणार? सरकारी दफ्तरात ती फक्त एक जुनी खोली असते. मोजमाप, वय, आणि शेरा.

आता सुप्याकडे वळतो. या तालुक्यात जुन्या इमारतीविषयी बोलायचं आणि सुपे टाळायचं, हे जमणार नाही.

आज आपण जोयडा तालुका म्हणतो तो आमच्या लहानपणीच्या मोठ्यांच्या तोंडी ‘सुपे’ होता. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं गाव. तालुक्याचं ठिकाण, म्हणजे कचेरी आली, बाजार आला, देवळं आली, शाळा आली. गणेशगुडीला काळीवर एकशे एक मीटर उंचीचं धरण झालं आणि 1980 च्या दशकात सुपे पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, पुष्कळ कुटुंबं रामनगरला वसवली गेली. ज्यांची घरं गेली त्यांतली काही मंडळी आज समोर बसली आहेत, त्यांच्यासमोर मी या विषयावर जास्त बोलू नये. धरणाने वीज दिली, ती आपण सगळे वापरतो, हा मांडवही तिच्यावरच उजळला आहे. एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं होतं तेव्हा एका आजोबांनी काठावरून हात करून मला दाखवलं, ‘तिथे आमची शाळा.’ मला चिखल दिसत होता. त्यांना ओसरीचे खांब दिसत होते.

तेव्हा माझ्यातल्या डिप्लोमावाल्याच्या मनात एक प्रश्न आला. चिरा, चुना आणि लाकूड यांची इमारत सुटी करता येते. कौलं उतरवली, वासे खुणा करून काढले, चिरे नंबर घालून उतरवले, तर ती दुसरीकडे जशीच्या तशी उभी करता येते. काँक्रीटचं हे होत नाही, ते फोडावंच लागतं. अशी इमारत कुणी हलवली आहे का?

हलवली आहे, आणि फार लांब जायला नको. घाट उतरून गोव्यात साळावलीच्या धरणात कुर्डी गाव गेलं, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. दर उन्हाळ्यात ते वर येतं आणि जुने गावकरी तिथे जमतात. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून वरच्या जागी नेऊन पुन्हा उभं केलं. देऊळ होतं म्हणून नेलं, हे उघड आहे.

शाळा हलवल्याचं उदाहरण मला जपानात सापडलं. मात्सुमोतो नावाच्या गावात काइची शाळा आहे. 1876 सालची. बांधणारा तिथलाच सुतार, तातेइशी सेइजू त्याचं नाव. त्याने मोठ्या शहरांत जाऊन विलायती पद्धतीच्या इमारती पाहिल्या आणि परत येऊन लाकूड-गिलाव्यात आपल्या परीने तशी शाळा उभी केली: वर अष्टकोनी मनोरा, दारावर पाटी धरलेले पंखवाले देवदूत, आणि त्यांच्याच खाली अस्सल जपानी ड्रॅगन. विलायती साहेबाने पाहिली असती तर हसला असता. खर्चातला सुमारे सत्तर टक्के पैसा गावकऱ्यांनी दिला होता. तिथे नव्वदएक वर्षं वर्ग भरले. मग नदी रुंद करायचं काम निघालं, तेव्हा त्यांनी 1963-64 मध्ये ती आख्खी शाळा सुटी करून दुसऱ्या जागी उभी केली. आज ते संग्रहालय आहे, आणि 2019 मध्ये जपान सरकारने तिला राष्ट्रीय ठेवा जाहीर केलं. एका गावच्या सुताराचं काम, आणि मान किल्ल्या-देवळांच्या रांगेतला.

आपल्याकडे उलट काय होतं तेही बघा. पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1 जानेवारी 1848 ला मुलींची शाळा काढली. केवढी मोठी जागा! पण वाड्यात दुकानं होती, मालकी खाजगी, आणि स्मारक करायचं ठरल्यावर खटला वर्षानुवर्षं चालला. तोवर इमारतीकडे कुणी पाहिलं नाही. 2023 मध्ये निकाल लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जे उरलं होतं ते पाडून जागा ताब्यात घेतली गेली. तिथे नवं स्मारक होईल, व्हायलाच हवं. पण ज्या भिंतींनी त्या मुलींचा आवाज ऐकला त्या भिंती खटला संपेपर्यंत टिकल्या नाहीत. शाकारणी कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही.

आणि तिसरं उदाहरण साताऱ्याचं. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर, नोंद क्रमांक 1914. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवलं आहे, आणि 2017 पासून महाराष्ट्र सरकार 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. विचार करा, त्या दिवशी लिहिणाऱ्या कारकुनाला आपण काय लिहितोय हे ठाऊक नव्हतं. त्याच पानावर आणखी मुलांची नावं असतील. रजिस्टर नीट ठेवणाऱ्यांनी ते सगळ्यांसाठी ठेवलं, म्हणून ते एक नाव राहिलं.

आपल्या त्या शाळेतलं दाखल रजिस्टर मी पाहिलं आहे. लाकडी पेटीत आहे, वरची पानं वाळवीने चाळणी केलेली. आत शाईने लिहिलेली नावं, बापाचा धंदा, जन्मतारीख, आणि शाळा सोडल्याचं कारण. त्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘गुराखी’. पानंच्या पानं. मला त्या भिंतींपेक्षा ते पान जास्त बोललं, आणि मी भिंतींचा माणूस आहे.

तेव्हा आता काय करायचं? संगमरवरी पाटी, फीत कापणं, फोटो, हे आपल्याला चांगलं जमतं. ते शेवटी करू. आधी जे करायचं ते कंटाळवाणं आहे.

पहिलं, शाळा मुलांसकट जपायची. वर्ग बंद झाला की इमारत दोन पावसाळ्यांत जाते, हे मी पैजेवर सांगतो. उद्या पट आणखी घटला आणि शाळा शेजारच्या गावात विलीन झाली, तर त्या खोलीत अंगणवाडी, वाचनालय, महिला मंडळाची बैठक, काहीतरी रोज भरलं पाहिजे. रोज सकाळी दार उघडणारा माणूस असला की गळती पहिल्या दिवशी दिसते. कुलूप लावलेलं स्मारक म्हणजे वाळवीचं वसतिगृह.

दुसरं, इमारत आपली नाही, सरकारची आहे. म्हणून वर्गणी गोळा करून थेट गवंडी पाठवू नका. शाळेची एसडीएमसी आहे, ग्रामपंचायत आहे, त्यांच्या ठरावाने आणि खात्याच्या लेखी परवानगीने काम करायचं. अर्जात ‘पाडू नये’ एवढंच लिहून भागत नाही. ‘पाडू नये आणि आम्ही अमुक करतो’ असं लिहावं लागतं. पाडू नका म्हणणारे अर्ज मी पुष्कळ पाहिले, पण त्यांच्यासोबत शिडी घेऊन कुणी आल्याचं आठवत नाही.

तिसरं, दुरुस्ती चुन्यात. सिमेंटचा गिलावा नको, ऑईल पेंट नको, चुन्याची सफेदी पुरे. चुन्याचं काम येणारे जुने गवंडी अजून आपल्या आसपास आहेत, पण त्यांची वयं झालीत. त्यांच्या हाताखाली दोन तरुण पोरं याच कामात तयार झाली, तर पुढच्या शाळेला उपयोग होईल. कौलांचंही तसंच. गावात घरं पाडून स्लॅब पडताहेत, त्यांची जुनी मंगळुरी कौलं परसात रचून ठेवलेली दिसतात. ती मागून आणा, आनंदाने देतील. वर्षाला पन्नास-साठ लागतील, जास्त नाही.

चौथं, ते रजिस्टर. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्याच्या पानापानाचा नीट फोटो काढायचा आणि मूळ पुस्तक शाळेतच कोरड्या जागी, लोखंडी पेटीत ठेवायचं. मंडळाच्या कपाटात आणायचं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला वस्तू जमवायची हौस आहे. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांतले हयात असतील त्यांच्याकडे बसून लिहून घ्यायचं: मास्तर कुठून यायचे, घंटा कुणी द्यायचं, पावसात शाळा किती दिवस बंद असायची, मुलींच्या रांगेत कोण होतं. गुराखी म्हणून ज्यांची नावं कमी झाली त्यांच्याकडे आधी जायचं. शिकून साहेब झालेले आपण बोलतोच.

हे सगळं करूनही ग्रामसभा नवी खोली मागेल, असं होऊ शकतं. त्यांचा हक्क आहे. मग निदान माझी विनंती एवढीच राहील की नवी खोली मागच्या मोकळ्या जागेत बांधा, जुनी पाडून तिच्याच जोत्यावर नको. जागा आहे, मी टेप टाकून पाहिली आहे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी सुट्टीत तिथे जाणार आहे, खात्याचा माणूस म्हणून नाही. मापं घेऊन इमारतीचा नकाशा काढायचा आहे, कारण त्या शाळेचा नकाशा कुठेच उपलब्ध नाही. टेप, पट्टी, कागद माझे. मला तीन माणसं हवीत. एक छपरावर चढणारा, एक चांगलं अक्षर असलेला, आणि एक त्या शाळेत शिकलेला. जाताना डबा घेऊन चला, तिथे हॉटेल नाही. शिडी कुणाकडे आहे, ते आज आरती झाल्यावर सचिवांकडे सांगून जा.